छाजेडांच्या तराजूतलं लोखंड

नारळाएवढा तो गोळा माझ्या हातात होता. छाजेड सरांच्या आयुष्यभराचा प्रश्न त्याच्या पोटात होता, आणि मी तो नीट जागेवर ठेवला नाही. हे आधीच सांगून टाकतो. पुढे सरांबद्दल लिहिताना मी स्वतःला वाचवतोय असं कुणाला वाटू नये; मला तर मुळीच वाटू नये. माझ्यानंतर त्याला हात लागले ते टेम्पोत भंगार भरणाऱ्या हमालांचे. त्यांना ते लोखंड वाटलं. त्यांचं काही चुकलं नाही. ते लोखंडच होतं.

पारसमल छाजेड धुळ्यातल्या आमच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे, मी रसायनशास्त्र. ते माझ्याहून बरेच मोठे. मी लागलो तेव्हा त्यांचे केस पिकायला लागले होते. पांढरा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि त्याचा खिसा कायम एका बाजूला ओढलेला, कारण त्यात नालाच्या आकाराचा लोहचुंबक असायचा. त्याला दोरी बांधलेली. आवारातून चालताना ते तो मातीवरून ओढत न्यायचे, शेळी न्यावी तसा, आणि मुलं मागून बेंऽऽ करायची. सर वळून म्हणायचे, "आवाज छान काढलास. पण शेळीला परीक्षा नसते, तुला आहे."

आमची ओळख झाली ती नायट्रिक आम्लावरून. मी नवा होतो आणि नियमांचा पक्का. सरांनी आम्ल मागितलं, मी विभागप्रमुखांची चिठ्ठी मागितली. त्यांना राग आला नाही. चिठ्ठी आणतो म्हणाले, तोवर स्पिरिटमध्ये थोडं पातळ करून ठेवा, पाण्यात नको, डाग पडतात. चिठ्ठी घेऊन आले तेव्हा दुसऱ्या हातात काडेपेटी होती. तिच्यातून त्यांनी अंगठ्याच्या नखाएवढी एक कपची काढली, घासून आरशासारखी केलेली, आणि चिमट्याने त्या द्रावणात बुडवली. मी बघत होतो. त्या कोऱ्या आरशावर हळूहळू रेघा उमटायला लागल्या. सरळ, एकमेकींना छेदत जाणाऱ्या, चटईच्या विणीसारख्या. मी एमएस्सी झालेला माणूस, पण मला असं काही असतं हे माहीत नव्हतं. मी विचारलं, हे कुणी कोरलं.

"कुणी नाही. सावकाश थंड झालं, एवढंच. लाखो वर्षं लागली थंड व्हायला. असं लोखंड जमिनीवर कुणालाच करता येत नाही. हे वरून आलंय."

मी उल्का म्हणालो. ते म्हणाले, पडत असते तोवर उल्का, हातात आली की अशनी. मग त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. रेघांच्या मधोमध दोन हिरवट ठिपके होते. एक वाटोळा, एक कोनाकोनांचा. लोखंडात चक्क दगड.

"हे आत कसे गेले?" मी विचारलं.

"तेच तर," सर म्हणाले आणि कपची स्पिरिटने धुऊन, पुसून पुन्हा काडेपेटीत ठेवली.

ही कपची ज्याची, तो गोळा जळगावला होता, छाजेडांच्या लोखंडाच्या दुकानात. छाजेड मूळचे मारवाडचे. दोन-तीन पिढ्या सळया, पत्रे, खिळे, तार असा धंदा. घरचे लोक दुकानाला पेढी म्हणत. खिळे घमेल्यात भरून तराजूत ठेवत, आणि घमेल्याचं वजन गिऱ्हाइकाच्या माथी बसू नये म्हणून दुसऱ्या पारड्यात घमेल्याच्या तोलाचं काहीतरी ठेवावं लागे. त्याला धडा म्हणतात. कुणी विटेचा धडा करतं, कुणी दगडाचा. छाजेडांच्या वडिलांनी पिंपळनेरकडून आलेल्या भंगारातला एक गोळा त्यासाठी ठेवून घेतला. तो घमेल्याशी जवळजवळ बरोबर तुलत होता, उरलंसुरलं एका वायसरने भागलं. दरसाल दिवाळीला तराजूबरोबर त्या गोळ्यालाही कुंकू लागायचं.

लहानपणी सर पेढीवर बसायचे. बाकीचं सगळं लोखंड लाल गंजतं आणि हा गोळा काळपट, हे त्यांना तेव्हाच खुपलं. एके दिवशी कोपऱ्याला सुटत आलेली कपची त्यांनी उचकटून काढली. वडिलांच्या लक्षात आलं. त्यांनी मारलं नाही. कपचीच्या वजनाचा एक खिळा शोधला आणि तो तारेने गोळ्याला बांधून टाकला, तोल पुन्हा बरोबर केला. सर हे सांगताना नेहमी थांबायचे आणि म्हणायचे, "मी त्या दिवशी शास्त्र शिकलो. कॉलेजात फक्त नावं शिकलो."

पेढीवरून त्यांनी एक सवय आणली होती. हातात आलेली वस्तू जोखायची. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, भाजीवाल्याचं वांगं, कुणाचा डबा. हात खालीवर करून वजन सांगायचे आणि ते बरोबर निघायचं. माझी मुलगी झाली तेव्हा सर बघायला आले, तिला दोन्ही हातांवर घेतलं आणि सवयीने वजन बोलून गेले. माझ्या आईचा चेहरा उतरला. बाळाचं वजन असं मोठ्याने सांगतात का. सर गेल्यावर तिने मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. हे त्यांना कळलं तेव्हा ते मुद्दाम परत आले, आईला नमस्कार करून म्हणाले, "चूक झाली, अक्का. काटा बिघडलेला होता, ते वजन धरू नका." आई हसली. तेव्हापासून तिचा त्यांच्यावर लोभ जडला.

दुसरी सवय जेवणाची. सर दिवस मावळायच्या आत जेवायचे. त्यात ते धर्म किती मानायचे आणि सवय किती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. साक्रीहून पिंपळनेरकडे जाताना जमिनीतून काळे दगड भिंतीसारखे उभे आहेत, ते दाखवायला ते मुलांची सहल न्यायचे. दुपार कलली की ड्रायव्हरच्या मागे लागायचे. एकदा मी बरोबर होतो. एका आश्रमशाळेच्या अंगणात खिचडी शिजत होती, सर ऊन बघत होते आणि मुलं हसत होती. मग त्यांनी पातेल्याकडे बोट करून वर्ग सुरू केला.

वरण झाकून ठेवलं की काय होतं, त्यांनी विचारलं. पाणी वर येतं, डाळ खाली बसते, मुलं म्हणाली. लोखंड आणि दगड एकत्र वितळले तर? लोखंड खाली, दगड वर. "पृथ्वीचं तेच झालं," सर म्हणाले. "पोटात लोखंड, वर आपण खिचडीची वाट बघतोय. मग आमच्या गोळ्यात लोखंडाच्या मधोमध दगड कसा राहिला?"

शिंदखेड्याची एक मुलगी होती, धीट. ती म्हणाली, "सर, त्याची खिचडी झाली असंल." सगळे हसले. सर हसले नाहीत.

"बरोबर. खिचडीत शेंगदाणा जिथल्या तिथे अडकतो. पण खिचडी घट्ट का झाली? मुळात जाळच कमी होता आणि सगळं नीट शिजलंच नाही, म्हणून? की शिजत असताना कुणी पातेल्याला लाथ मारली, सगळं उसळलं, एकात एक मिसळलं आणि चुलीबाहेर पडून गार झालं, म्हणून?"

त्या दिवशी मला त्यांचा प्रश्न पहिल्यांदा नीट कळला. सूर्याभोवती छोटी छोटी जगं फिरत होती. त्यांतलं एखादं आतून तापलं. एक मत असं की ताप अर्धवटच होता. लोखंड वितळून दगडांच्या फटींत भरलं, दगड मात्र तसेच राहिले. दुसरं मत धक्क्याचं. ते जग वितळलेलं असताना दुसरं येऊन त्याच्यावर आदळलं, फुटलं, लोखंड आणि दगड कालवले गेले, वेगळं व्हायच्या आत थिजले आणि मग ढिगाऱ्याखाली दबून लाखो वर्षं सावकाश थंड होत राहिले. आतले दगड वितळून पुन्हा गोठलेले असतील तर ते वाटोळे, काचेसारखे निघतील. न वितळलेले असतील तर कोनाकोनांचे, जुन्या कणांचे. सरांच्या कपचीत एक वाटोळा होता आणि एक कोनांचा. दोन साक्षीदार आणि दोघांची दोन तोंडं. उत्तर हवं तर अख्खा गोळा कापून आतला चेहरा बघायला हवा होता.

मी विचारलं, तुम्ही कुणाच्या बाजूचे?

"मला धक्क्याचं मत आवडतं," सर म्हणाले. "म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही." आणि ऊन जायच्या आत जेवायला बसले.

असा हा माणूस. 'आहे' म्हणण्याआधी दहा वेळा 'असेल' म्हणणारा. विद्यार्थ्यांच्या प्रबंधात 'सिद्ध होते' दिसलं की तांबड्या शाईने खोडून वर 'तूर्तास दिसते' लिहायचे. त्यांच्या या स्वभावाचा पहिला जबर धक्का मला बसला तो संग्रहालयाच्या उद्घाटनाच्या दिवशी. संस्थेच्या एका वजनदार पदाधिकाऱ्यांनी आपल्या शेतात सापडलेली अशनी कॉलेजला भेट दिली होती. काचेचं कपाट, पितळी पाटी, हार, पाहुणे. पाहुण्यांनी सहज सरांना विचारलं, ही किती जुनी असेल? सरांनी कपाट उघडलं, तो काळा भोकाभोकांचा गोळा हातात घेतला, हात खालीवर केला. मी त्यांच्या मागेच होतो आणि मनातून म्हणत होतो, सर, आज नको.

"ही अशनी नाही," ते म्हणाले. "भट्टीतली मळी आहे. लोखंड वितळलं की वर येते ती घाण."

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. पदाधिकाऱ्यांचा चेहरा मला आजही आठवतो. माणूस रागावण्याआधी क्षणभर लहान मुलासारखा दिसतो, तसा. सर पुढे कधीच विभागप्रमुख झाले नाहीत. मी नंतर त्यांना म्हटलं, घरी जाऊन सांगायचं होतं, चारचौघांत कशाला. ते खरोखर गोंधळले. म्हणाले, त्यांनी चारचौघांत विचारलं ना.

गोळा कापायला सरांचे मोठे भाऊ तयार नव्हते. घरात सगळे त्यांना भाईजी म्हणत. वडिलांच्या मागे पेढी त्यांनीच चालवली. सर दर दिवाळीला जळगावला जायचे, गोळा मागायचे आणि भाईजी दर दिवाळीला नाही म्हणायचे. मला आधी वाटायचं, अंधश्रद्धा असेल, पेढीची बरकत वगैरे. तसं नव्हतं. भाईजींचं म्हणणं सरळ होतं. धडा छाटला की माप खोटं होतं. माप खोटं ठेवून पेढीवर बसायचं नाही, हे वडिलांनी सांगितलेलं. दुसरा धडा करा, सर म्हणायचे. भाईजी म्हणायचे, "पारस, तुला तुझ्या वरच्या गोष्टी खऱ्या हव्यात, मला माझं घमेलं." आणि दोघे भाऊ आनंदाने जेवायला बसायचे. मी ते पाहिलं आहे. भांडण असं ते नव्हतंच.

मग सर निवृत्त झाले आणि त्यांना काचबिंदू झाल्याचं कळलं, तेही उशिरा. कडेची नजर गेली होती, मधली तेवढी उरली होती, बोगद्यातून बघावं तशी. डॉक्टरांनी सांगितलं, आहे ती टिकवायचा प्रयत्न करू, पण फार काळ धरून चालू नका. सरांनी ते मला भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं आणि म्हणाले, "सूक्ष्मदर्शकातून बघायला मधलीच लागते. पण आता लवकर बघायला हवं."

त्याच सुमारास भाईजींचे गुडघे गेले आणि पेढी त्यांचा मुलगा ललित बघायला लागला. त्याने काचेचं दार बसवलं, खिळ्यांसाठीही इलेक्ट्रॉनिक काटा आणला. तराजू भिंतीवरून उतरला. आता धड्याचं काही काम राहिलं नव्हतं. भाईजींनी स्वतः फोन केला, "पारस, माप सुटलं. ने तुझा गोळा." तो फोन ठेवल्यावर सरांनी लगेच मला फोन केला. गुजरातेतल्या एका प्रयोगशाळेने गोळा कापायचं आधीच कबूल केलं होतं.

आम्ही माझ्या गाडीने जळगावला गेलो. वार शनिवार. मला सुट्टी त्याच दिवशी मिळत होती. भाईजी खुर्चीत बसूनच होते. सरांनी गोळ्यावर हात फिरवला, खिळा चाचपला, तार चाचपली. मी गोळा उचलला. खांदा खाली ओढला जावा असं वजन. मी दाराशी पोचलो आणि भाईजी म्हणाले, आज शनिवार.

शनिवारी लोखंड घरी न्यायचं नाही, हे आमच्याकडे सगळे पाळतात. लोखंडवाले तर जास्तच. त्या दिवशी त्यांचं गिऱ्हाईकच येत नाही. भाईजी म्हणाले, इतकी वर्षं थांबलास, सोमवारी ने. मला वाटलं सर आता काहीतरी बोलतील. संग्रहालयात बोललेला माणूस. पण ते हसले आणि म्हणाले, "भाईजींचा शब्द. ठेवा पाटील, सोमवारी येऊ."

मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं. माझी बायको शनिवारी गाडीत लोखंड चढू देत नाही, आणि रसायनशास्त्र शिकवणारा मी त्यावर कधी वाद घातलेला नाही. गोळा जिथून उचलला होता त्या आतल्या फळीपर्यंत जायचं तर पोत्यांवरून ओलांडून जावं लागणार होतं. मनगट दुखत होतं. दाराच्या आतल्या बाजूला उतरवलेला तराजू, जुनी वजनं, साखळ्या असं सामान पडलं होतं. मी गोळा त्यांच्याशेजारी ठेवला.

रविवारी पेढी बंद असते. ललितने ती संधी साधून दाराशी पडलेलं जुनं लोखंड भंगारात दिलं. वडिलांनी काका आल्याचं आणि सोमवारचं त्याला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यांना काही वाटलंच नव्हतं.

सोमवारी मी रजा टाकली. आम्ही गेलो तेव्हा दाराशी लादी पुसून स्वच्छ केलेली होती. मी उभ्या उभ्या म्हणालो, सर, मी तो इथे ठेवला होता. भाईजींनी एकदा माझ्याकडे आणि एकदा मुलाकडे बघितलं. ललितने फोन लावले. भंगारवाल्याने माल थेट औद्योगिक वसाहतीतल्या एका भट्टीला टाकला होता. भट्टीवाल्याने सांगितलं, सकाळच्या घाण्यातच वितळून गेला.

मी सरांना घरी नेणार होतो. ते म्हणाले, भट्टीवर चला.

तिथल्या माणसांनी आम्हाला निळ्या काचेचे चष्मे दिले आणि लांब उभं केलं. भट्टीत पांढरं लोखंड उकळत होतं. त्या उजेडात सरांचा चेहरा मी बघत होतो आणि मला भीती वाटत होती. हा माणूस आता कोसळेल, आणि तो माझ्यामुळे. सरांनी तिथल्या मिस्त्रीला विचारलं, वर काय दिसतंय, मला नीट दिसत नाही.

"मळी आहे, दादा. मळी येणारच."

"किती वेळात येते?"

"लोखंड पातळ झालं की लगेच."

"लगेच," सर म्हणाले. त्यांनी तो शब्द पुन्हा एकदा स्वतःशी म्हटला. कामगार लांब सळईने ती साय बाजूला ओढत होते. सरांनी माझा दंड धरला होता. त्यांची बोटं रुतत होती, पण आवाज वर्गातला होता. "हा पुरावा नाही, पाटील. अख्ख्या गावाचं भंगार आहे त्यात. पण बघा, दगडाला वर यायची किती घाई असते. आणि आमचा तसाच अडकून राहिला होता." मग थोड्या वेळाने, "होता."

बाहेर मळीचा ढीग होता. त्यांनी एक तुकडा उचलला, हात खालीवर केला, परत ठेवला. गाडीत बसल्यावर मी माफी मागितली. ते म्हणाले, खिडकी थोडी खाली करा. एवढंच. मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्या रात्री झोपलो असतो.

पण खरा हादरा अजून यायचा होता.

भाईजींनी स्वतःला शिक्षा करून घेतली. आयंबिल सुरू केलं. म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं, तेही तेल, तूप, मीठ, साखर काही नसलेलं उकडलेलं धान्य. ते काही दिवसांचं व्रत असतं. भाईजी थांबेचनात. वय झालेलं, अंगात मधुमेह. एकदा चक्कर येऊन पडले. डॉक्टर म्हणाले, हे असंच चाललं तर मी जबाबदार नाही. त्यांच्या गुरूंनी, जैन साधू महाराजसाहेबांनीही सांगून पाहिलं की पारणं करा. भाईजींचं एकच उत्तर, माझ्या एका शब्दाने भावाचा जन्म वाया गेला. ललित रडत धुळ्याला आला. "काकासा, ते फक्त तुमचं ऐकतील."

सर मला बरोबर घेऊन गेले. त्यांना आता एकट्याने प्रवास जमत नव्हता. भाईजी खाटेवर होते, मनगटं काडीसारखी झालेली. सर चाचपत त्यांच्या उशाशी बसले. मला वाटलं, ते समजूत घालतील, नशीब म्हणतील, जाऊ दे म्हणतील.

"भाईजी, तुम्हाला एक सांगायचं राहिलं," सर म्हणाले. "गोळा कापायची गरजच उरली नव्हती. त्या काडेपेटीतल्या कपचीवरूनच उत्तर मिळालं होतं. धक्काच होता तो. दुसरं जग येऊन आदळलं, आणि वेगळं व्हायच्या आत सगळं थिजलं. नक्की झालंय. गोळा मी फक्त आठवण म्हणून नेणार होतो."

मी भिंतीला टेकून उभा होतो. हा माणूस, ज्याने पितळी पाटीसमोर एक शब्द गिळला नाही, जो आवडत्या मतावर केवळ आवडतं म्हणून विश्वास ठेवत नव्हता, तो 'नक्की' म्हणत होता. कपचीत दोन ठिपके होते आणि दोघांची दोन तोंडं होती. मी भिंगातून ते स्वतः पाहिले होते.

भाईजींनी सरांच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. "खरं का, पाटील सर? हा मला बरं वाटावं म्हणून तर बोलत नाही?"

सर माझ्याकडे वळले नाहीत. वळून दिसणार तरी काय होतं. त्यांची पाठ मात्र ताठ झाली. मी म्हणालो, खरं आहे, मी स्वतः आम्लात बुडवून पाहिलंय. माझा आवाज चांगला निघाला. इतका चांगला निघाला की मला माझीच शिसारी आली, कारण भाईजी सुटले तर मीही सुटत होतो.

भाईजींनी दुसऱ्या दिवशी सकाळी मुगाचं पाणी घेतलं. परतीच्या वाटेवर पारोळ्याजवळ सर म्हणाले, "पाटील, भाईजींना सांगितलं ते तुम्हालाही सांगितलं असं धरा. त्या दाराचा विषय आता काढायचा नाही." मी गाडी बाजूला घेतली आणि थोडा वेळ तशीच उभी ठेवली.

नंतर सर जळगावलाच राहायला गेले. नजर पूर्ण गेली होती. लग्न त्यांनी केलं नव्हतं. धुळ्याच्या खोलीत बघणारं कुणी नव्हतं.

शेवटचं त्यांना पाहिलं ते पेढीवर. दुपार होती. काचेच्या दाराआड दोघे भाऊ गादीवर शेजारी शेजारी बसले होते. भाईजींच्या अंगावर पुन्हा मांस धरलं होतं. एरंडोलकडचा एक म्हातारा गोठ्यासाठी तार घ्यायला आला होता. ललित तार मोजत होता, तोवर भाईजी त्याला गोळ्याची गोष्ट सांगत होते. दोन जगं कशी आदळली, लोखंडात दगड कसा थिजला, आणि हे जगात सगळ्यांत आधी कुणी शोधून काढलं, तर आमच्या या पारसने, एवढ्याशा कपचीवरून. त्यांच्या सांगण्यात कुठेही 'असेल' नव्हतं. सर मान खाली घालून ऐकत होते. खोडायला तांबडी शाई नसलेल्या मास्तरासारखे नाही, शांत. मी दाराच्या बाहेरच थांबलो.

म्हाताऱ्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग त्याने विचारायचं तेच विचारलं.

"मंग तो दगड आते कोठे शे, आबा?"

भाईजींचा चेहरा ओढल्यासारखा झाला. सरांना ते दिसलं नसणार. पण त्यांनी हात पुढे केला, चाचपत भाईजींच्या गुडघ्यावर ठेवला आणि आवाजाच्या दिशेने तोंड करून म्हणाले,

"वितळला, भाऊ. त्याचं काम झालं होतं."

म्हाताऱ्याला ते पटलं. त्याने तारेचं वेटोळं खांद्यावर घेतलं. मी दार लोटून आत जायला हवं होतं. मी बाजूला होऊन म्हाताऱ्याला वाट दिली, आणि त्याच्या मागोमाग रस्त्यावर निघून आलो.